हिवाळ्यातली स्पीती: हिमबिबट्या आणि त्याचा डोंगर टिपायचा तर

हिमाचल प्रदेशातल्या लाहौल-स्पीती जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० मीटरवर किब्बर हे गाव आहे. जानेवारी उलटला की या गावात आणि दरीपलीकडच्या चिचममध्ये मोठ्या लेन्सा घेऊन माणसं मुक्कामाला येतात ती हिमबिबट्यासाठी. २०१९ ते २०२३ या काळात झालेल्या देशव्यापी गणनेत भारतात ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज निघाला. त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये आणि ५१ हिमाचलात. एवढ्या विस्तीर्ण डोंगरांमध्ये एवढे थोडे प्राणी, म्हणजे तो दिसेलच अशी हमी कुणीही देऊ शकत नाही.

माझं ठाम मत आधीच सांगतो. स्पीतीला फक्त हिमबिबट्याचा चेहरा जवळून टिपायला जाऊ नका. कडा, बर्फ, ऊन आणि त्यात कुठेतरी तो, असं चित्र डोक्यात ठेवून जा. तो बहुतेक वेळा लांबच असतो, आणि त्याचं जगणं त्या कड्याशिवाय समजत नाही. म्हणून या लेखात डोंगर आधी येतो आणि प्राणी नंतर.

कधी जायचं, कुठून जायचं

जानेवारीचा शेवट ते मार्चचा मध्य हा सर्वांत चांगला काळ. हा हिमबिबट्यांचा मीलनकाळ. नर-मादी जास्त फिरतात, खडकांवर गंधखुणा सोडतात आणि एकमेकांना साद घालतात. ती लांबलचक, रडवेली हाक कड्यावरून दूरवर ऐकू येते. शिवाय वरच्या भागात बर्फ साठल्यामुळे भरल (हिमालयातली निळी मेंढी) आणि आयबेक्स (रानबोकड) चरायला खाली येतात आणि त्यांच्यामागोमाग शिकारीही.

हिवाळ्यात मनालीहून येणारा कुंझुम खिंडीचा रस्ता बंद असतो. खुला असतो तो शिमला, रामपूर, किन्नौर, ताबो, काझा हा सतलज आणि स्पीती नद्यांच्या काठचा रस्ता. मुंबई-पुण्याहून रेल्वेने किंवा विमानाने चंदीगड गाठायचं आणि तिथून गाडीने पुढे. हा मार्ग लांब आहे, पण शरीरासाठी तोच योग्य. लेहला विमानाने गेलं की माणूस दोन तासांत ३,५०० मीटरवर उतरतो. इथे मात्र शिमला साधारण २,२०० मीटर, कल्पा २,९०० च्या आसपास, ताबो ३,२८० आणि काझा ३,६५० असं टप्प्याटप्प्याने चढता येतं.

३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं, असा गिर्यारोहणातला सर्वमान्य नियम आहे. त्यामुळे कल्पा एक रात्र, ताबो एक रात्र, काझा किमान दोन रात्री आणि मग किब्बर. काझ्यातला मधला दिवस वाया जात नाही. त्या दिवशी ‘की’ नावाचा बौद्ध मठ आणि नदीचं पात्र टिपून होतं.

किब्बरला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही साधी लक्षणं दिसली तर वर चढू नका, पाणी प्या आणि आराम करा. बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं, बोलण्यात गोंधळ होणं, चालताना झोक जाणं ही मात्र धोक्याची चिन्हं. टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालून बघा. जमत नसेल तर रात्र असो वा पहाट, त्या माणसाला खाली न्यायचं. तिथे कुठल्याही फोटोची किंमत करायची नाही. उंचीचा त्रास टाळण्यासाठीची डायमॉक्स ही गोळी घ्यायची की नाही हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर.

परतीच्या बाजूला दोन दिवस रिकामे ठेवा. नाकोजवळचा मलिंग नाला आणि किन्नौरमधले दरडींचे पट्टे बर्फ पडला की अडवून धरतात. गाडी चारही चाकांना जोर देणारी, टायरांच्या साखळ्या सोबत, आणि चालक तिथलाच हवा. काझ्यात पेट्रोल पंप आणि एटीएम आहे, पण हिवाळ्यात त्यावर विसंबू नका. रोख रक्कम खालूनच घ्या.

सामान

कपड्यांबद्दल थोडक्यात: अंगालगत लोकरीचा किंवा थर्मलचा थर, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं जाड जॅकेट, सर्वांत वर वारा अडवणारं कवच. सुती काहीही नको. हातांसाठी दोन जोड: आत पातळ, बटणं दाबता येतील असे, वर जाड. बर्फाळ पायवाटांसाठी बुटांना बांधायचे काटे जरूर घ्या. चढावर घाम येऊ देऊ नका, चढायच्या आधी एक थर काढा. कारण मग तासन् तास एका जागी बसायचं असतं आणि ओला थर तिथे गोठवतो.

कॅमेरे दोन हवेत. एकावर लांब लेन्स, दुसऱ्यावर रुंद किंवा मध्यम. वाऱ्यात लेन्स बदलली की सेन्सरवर धूळ आणि हिमकण बसतात. लांब लेन्स किमान ५०० ते ६०० मिलिमीटरपर्यंत जाणारी. १५०-६०० किंवा २००-६०० सारखी झूम लेन्स पुरते. सहाशेची मोठी प्राइम (झूम न होणारी) लेन्स उत्तमच, पण ४,२०० मीटरवर ती पाठीवर घेऊन दम टिकेल का, याचा प्रामाणिक विचार करा. माझ्या मते डोंगरात वजनाने हलकी लेन्स जास्त फोटो देते, कारण ती घेऊन तुम्ही वेळेत जागेवर पोचता. लेन्सचा पल्ला वाढवणारा १.४ पटीचा कन्व्हर्टर ठेवा, दोन पटीचा नको.

कार्बन फायबरचा तिपाई स्टँड घ्या. धातूचा पाय उघड्या हाताने धरवत नाही. मोठ्या लेन्ससाठी गिंबल हेड, म्हणजे जड लेन्स तोलून सहज फिरवता येणारा स्टँडचा माथा. बीनबॅग रिकामीच न्या आणि गावात मुक्कामाच्या घरी विचारून धान्य किंवा वाटाणे विकत घेऊन भरा. चांगली दुर्बीण अत्यावश्यक. लेन्सआधी पैसे तिच्यावर खर्च करा, कारण दिवसातला बहुतेक वेळ कॅमेरा बंद आणि दुर्बीण डोळ्यांना असते.

आणि निघण्याआधीचे दोन महिने सह्याद्रीत घाम गाळा. पूर्ण सामान पाठीवर घेऊन सिंहगड किंवा कळसूबाई चढा आणि वर पोचल्यावर, धाप लागलेली असताना, हातमोजे घालून घारींवर फोकस धरायचा सराव करा. फोकस पॉइंट हलवणं, एक्स्पोजर कमी-जास्त करणं, आयएसओ बदलणं हे सगळं न बघता बोटांना जमलं पाहिजे.

थंडीत कॅमेरा जिवंत ठेवणं

रात्री तापमान उणे २० ते उणे २५ अंशांपर्यंत उतरू शकतं. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि भरलेली बॅटरीही रिकामी असल्यासारखी वागते. ती मेलेली नसते. उबेत ठेवली की बरीचशी परत येते. म्हणून चार-पाच बॅटऱ्या घ्या, आतल्या खिशात अंगालगत ठेवा आणि आलटून-पालटून वापरा. रात्री त्या पांघरुणात तुमच्यासोबत. वीज कधी असते, कधी नसते, तेव्हा वीज आली की आधी चार्जिंग आणि मग चहा. मिररलेस कॅमेरा वापरत असाल तर वाट बघताना तो बंद ठेवा.

जास्त नुकसान करतं ते दव. गारठलेला कॅमेरा तंदूर (खोली उबदार ठेवणारी शेगडी) पेटलेल्या खोलीत आणला की हवेतली वाफ लेन्सच्या काचांवर आणि आतल्या भागांवर धरते. उपाय सोपा आहे: बाहेर असतानाच कॅमेरा आणि लेन्स झिप लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करायची, पिशवी बॅगेत ठेवायची आणि खोलीत आल्यावर दोन-तीन तास बॅग उघडायची नाही. मेमरी कार्ड मात्र बाहेरच काढून घ्या, म्हणजे संध्याकाळी फोटो बघता येतील. पहाटे पुन्हा निघायचं असेल तर सामान खोलीबाहेरच्या थंड पण सुरक्षित ओसरीत ठेवलं तरी चालतं, बॅटऱ्या तेवढ्या आत घ्या.

व्ह्यूफाइंडरवर श्वास सोडू नका, तो गोठतो. समोरच्या काचेवर पडलेला हिमकण तोंडाने फुंकायचा नाही, रबरी ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने उडवायचा.

तंदूर पेटवून खोली घट्ट बंद करून झोपू नका. खिडकीची फट उघडी ठेवा, धुरातला विषारी वायू वास न येता जीव घेतो.

बर्फ पांढरा दिसण्यासाठी

कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. फ्रेममध्ये बर्फ भरला की तो प्रकाश कमी करतो आणि बर्फ मळकट येतो. उन्हातल्या बर्फासाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक १ पासून सुरू करा, ढगाळ दिवशी सपाट बर्फ असेल तर अधिक १.७ पर्यंत जा. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजवीकडे सरकलेला हवा, पण भिंतीला चिकटलेला नको. जास्त उजळलेला भाग लुकलुकून दाखवण्याची सोय सुरू ठेवा.

पण हा आकडा डोळे झाकून लावू नका. स्पीती शीत वाळवंट आहे. दक्षिणेकडे तोंड केलेले उतार ऊन लागून लवकर उघडे पडतात, आणि तिथे करड्या-तपकिरी खडकासमोर हेच कॉम्पेन्सेशन ठेवलं तर भरलाची पाठ फोटोत पांढरीफट्ट होते. लेन्स एका उतारावरून दुसऱ्यावर वळवली की आकडाही तपासायचा. ऊन स्थिर असेल तर मी मॅन्युअल मोड सुचवेन. सकाळी एकदा उन्हातल्या बर्फावर बरोबर एक्स्पोजर साधून घ्या. मग प्राणी बर्फावरून खडकावर गेला तरी त्याच्यावर पडणारा प्रकाश तोच असतो.

सावलीतला बर्फ निळा दिसतो, कारण तिथे ऊन पोचत नाही, फक्त आकाशाचा प्रकाश पोचतो. ही निळाई पूर्ण पुसू नका. उन्हातला सोनेरी कडा आणि सावलीतला निळा बर्फ हा हिमालयातला खरा रंगमेळ आहे. रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) टिपा, रंगाचं संतुलन घरी ठरवता येतं. पोलरायझर (चकाकी कमी करून आकाश गडद करणारा फिल्टर) जपून वापरा. या उंचीवर आकाश आधीच गडद असतं. त्यावर पोलरायझर लावला की ते काळंनिळं होतं आणि रुंद लेन्समध्ये एका बाजूला डाग पडल्यासारखं दिसतं.

डोंगराची चित्रं

स्पीती ३२ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. जानेवारीच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य दक्षिणेला जेमतेम ४० अंश वर येतो. याचा अर्थ सावल्या दिवसभर लांब राहतात आणि कड्यांचे थर, घळी, वाऱ्याने ओढलेल्या बर्फाच्या रेघा सतत उठून दिसतात. महाराष्ट्रात उन्हाळ्यात आपण दहा वाजता कॅमेरा आत ठेवतो. इथे ठेवायची गरज नाही.

की मठाचं सगळ्यांना माहीत असलेलं चित्र किब्बरच्या रस्त्यावरच्या वळणांवरून मिळतं: टेकडीवर चढत गेलेली पांढरी घरं आणि मागे स्पीती नदीचं पसरलेलं, अर्धं गोठलेलं पात्र. ते जरूर घ्या. मग तिथेच उभं राहून १०० ते ४०० ची लेन्स लावा आणि पात्रातल्या नुसत्या रेषा टिपा. खुल्या पाण्याचे निळे-हिरवे धागे आणि बर्फाचे पट्टे एवढ्यावर पूर्ण चित्र उभं राहतं. लांग्झाला गावामागे ६,३०३ मीटर उंचीचं चाऊ चाऊ कांग निल्दा शिखर आहे. धनकरला कड्याच्या टोकावर बसलेला मठ आणि खाली स्पीती-पिन नद्यांचा संगम.

स्पीतीत मला रुंद लेन्सपेक्षा लांब लेन्सने काढलेला डोंगर जास्त खरा वाटतो. रुंद लेन्स शिखरांना ठेंगणं करते. दोनशे-तीनशे मिलिमीटरला एकामागची एक रांग जवळ ओढली जाते, आणि त्यात लाकूडफाटा घेऊन जाणारी बाई किंवा याकांची रांग असेल तर डोंगराचं माप कळतं. माणूस ओळखू येईल इतका जवळ असेल तर आधी ‘जुले’ (तिथला नमस्कार) म्हणा, विचारा, मगच फोटो. मठात आत फोटो घेण्याआधी परवानगी घ्यायची. ९९६ साली स्थापन झालेल्या ताबो मठातली भित्तिचित्रं प्रकाशाने खराब होतात, तिथे फोटोचा विचारही सोडून द्या आणि डोळ्यांनी बघा.

रात्री चंद्र नसेल तर २० मिलिमीटर लेन्सला २० ते २५ सेकंद, एफ/२.८, आयएसओ ३२०० अशी सुरुवात करा. ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण ३२ अंशांवर असतो. ताऱ्यांच्या वर्तुळाकार रेघा हव्या असतील तर त्या हिशेबाने चौकट आखा. हिवाळ्यात आकाशगंगेचा तेजस्वी मध्य संध्याकाळी नसतो. फेब्रुवारीच्या अखेरीपासून तो पहाटे आग्नेयेला उगवू लागतो.

उतार वाचायला शिका

हिमबिबट्या शोधणं हे खरं काम. किब्बर-चिचमची जागा यासाठी अनुकूल आहे, कारण दोन्ही गावांमध्ये उभ्या कड्यांची खोल घळ आहे. २०१७ मध्ये तिच्यावर पूल झाला, त्याआधी माणसं दोरावरच्या पाळण्यातून ये-जा करायची. घळीच्या एका काठावर बसून समोरचे कडे न्याहाळता येतात. मधे दरी असल्याने प्राण्याला त्रास होत नाही आणि अंतरही कॅमेऱ्याच्या आवाक्यात येऊ शकतं.

सुरुवात भरलांपासून करा. उघड्या पडलेल्या दक्षिण उतारांवर त्यांचे कळप चरतात. कळप निवांत असेल तर पुढे सरका. सगळी डोकी एकाच दिशेला वळलेली असतील, प्राणी ताठ उभे असतील किंवा शीळ घातल्यासारखा धोक्याचा आवाज आला, तर ते जिकडे बघताहेत तिकडचा इंच न् इंच दुर्बिणीने तपासा. एखाद्या जागी कावळे, मॅगपाय आणि गिधाडं घिरट्या घालत असतील, उतरायला कचरत असतील, तर तिथे शिकार पडलेली असते आणि तिचा मालक जवळ असतो. शिकार मोठी असेल तर हिमबिबट्या तीन-चार दिवस तिथून हलत नाही.

उताराचे पट्टे पाडा. आधी आकाशरेषा, कारण तो धारेवरून चालतो आणि तिथे बसून खालचं बघतो. मग कड्याचा तळ, मग पुढे आलेल्या खडकांखालची कोरडी जागा. दिवसा तो बहुतांशी झोपलेला असतो, तेव्हा चालणारा प्राणी शोधू नका. खडकात न बसणारी गोलाई शोधा, शेपटीची जाड वळलेली दोरी शोधा. ती जवळजवळ मीटरभर लांब असते. एक पट्टा संपला की पुन्हा पहिल्यापासून. मघाशी रिकामी होती ती जागा आता रिकामी असेलच असं नाही. पहाट आणि तिन्हीसांज सर्वांत महत्त्वाची.

आदल्या रात्री बर्फ पडला असेल तर सकाळी ठसे बघा. मांजरकुळातल्या प्राण्याच्या ठशात नखं उमटत नाहीत. लांडग्याच्या आणि कुत्र्याच्या ठशात उमटतात.

हे सगळं तुम्ही शिकालच, पण गावातला माहीतगार माणूस सोबत हवाच. लहानपणापासून याच उतारांवर गुरं चारलेल्या माणसाला कुठल्या घळीतून हिमबिबट्या उतरतो हे ठाऊक असतं. स्पीतीत त्याला ‘शेन’ म्हणतात. याच शेनने गावकऱ्यांची वासरं, मेंढ्या, घोडे मारले आहेत, तरीही १९९० च्या दशकाच्या अखेरीस किब्बरकरांनी आपल्या कुरणातला एक भाग गुरांना बंद करून भरलांसाठी राखला. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन ही संस्था इथे दीर्घकाळ काम करते आहे. हिमबिबट्याचे अभ्यासक चारुदत्त मिश्र यांचं संशोधनही किब्बरमधलंच. पशुधनाच्या विम्याची सामूहिक योजना इथे रुजली. म्हणून गावातच राहा, गावातलेच वाटाडे आणि हमाल घ्या, आणि ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या.

तो दिसल्यावर

आधी एक फ्रेम जशी दिसते तशी घ्या, पुरावा म्हणून. मग सेटिंग बघा. झोपलेल्या प्राण्याला सेकंदाचा १/२५० भाग पुरतो. चालायला लागला की १/८००, उड्या मारायला लागला की १/२०००. उडत्या दाढीवाल्या गिधाडालाही तेवढाच वेग लावा. आयएसओ वाढला तर वाढू द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. हिमवर्षाव सुरू असेल तर ऑटोफोकस पडणाऱ्या बर्फावर अडकतो. अशा वेळी एकच छोटा पॉइंट निवडा, किंवा प्राणी स्थिर असेल तर पडद्यावर मोठं करून हाताने फोकस साधा.

ऊन चढल्यावर लांबच्या उतारावरचे फोटो मऊ येतात. दोष लेन्सचा नसतो. तापलेल्या खडकावरची आणि गार बर्फावरची हवा मिसळून थरथरते. अशा वेळी कन्व्हर्टर काढा आणि प्राण्यासकट अख्खा कडा चौकटीत घ्या. तसंही, आधी म्हटलं ते चित्र हेच. प्राणी चौकटीच्या एका कोपऱ्यात, तो जिकडे चाललाय तिकडे मोकळी जागा, एफ/८, आणि उजेडाची एखादी तिरीप.

जवळ जायचा मोह आवरा. तो शिकारीवर असताना माणसं जवळ गेली तर तो मांस सोडून निघून जातो, आणि पुढची शिकार मिळेपर्यंत उपाशी राहतो. त्याच्या वर, धारेवर कधी जायचं नाही. त्याची सुटकेची वाट तीच असते. आमिष नाही, आवाज नाही, रात्री झोत नाही. हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि किब्बरचा बराचसा परिसर अभयारण्य आहे. ड्रोन घरीच ठेवा: अभयारण्य, सीमेजवळचा प्रदेश आणि कड्यांवरची गिधाडं, तिन्ही कारणं पुरेशी आहेत. पन्नास लेन्सा एका काठावर जमल्या असतील तर तुम्ही मागे सरा आणि लाल कोल्ह्याकडे वळा. तो गावाजवळ फिरतो, ताज्या बर्फावर सुंदर दिसतो आणि त्याच्याकडे फार कमी लोक नीट बघतात. खायला मात्र घालू नका.

मुक्कामावर आणि परतल्यावर

रोज रात्री फोटोंच्या दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या बॅगांत ठेवा. इंटरनेटवर चढवायचा बेत काझ्यापुढे धरू नका.

फोटो प्रसिद्ध करताना जागेचे अक्षांश-रेखांश फाइलमधून काढून टाका. ‘स्पीती’ एवढा उल्लेख पुरे. शिकारीची जागा, गुहा, पिल्लं असलेली मादी यांचा माग देणारा तपशील मजकुरातही नको. संपादन करताना बर्फाला जांभळी झाक आणि कातड्याला नसलेली चकाकी देऊ नका. त्याचं सौंदर्य खडकात मिसळण्यातच आहे.

प्रत्येक हिमबिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते आणि अभ्यासक त्यावरूनच प्राणी ओळखतात. तेव्हा कुशीची बाजू स्पष्ट दिसणारे फोटो, मग ते देखणे नसले तरी, पुसू नका. डावी कूस की उजवी, तारीख आणि वेळ लिहून वन विभागाला किंवा तिथे काम करणाऱ्या संशोधकांना खासगीत पाठवा. आणि ज्या घरी राहिलात, ज्या वाटाड्याने तो दाखवला, त्यांना छापील प्रती पाठवा. टपाल हिवाळ्यात उशिरा पोचतं, तेव्हा एप्रिलनंतर टाका.